हृदयविकारातली वांशिक दरी कमी करायची तर: लोकांबरोबर संशोधन कसे उभारावे

अमेरिकेत डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी दोन प्रयोग केले. दोन्हींची मूळ कल्पना एकच होती: कृष्णवर्णीय पुरुषांचा रक्तदाब त्यांच्या नेहमीच्या सलूनमध्ये तपासायचा. डॉक्टरकडे जायला हे पुरुष टाळाटाळ करतात, सलूनमध्ये मात्र न चुकता जातात. पहिल्या प्रयोगात टेक्सासच्या डॅलस परगण्यातली १७ सलून होती. तिथे बार्बरच बीपी मोजायचा आणि आकडा जास्त निघाला की गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जायला सांगायचा. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण तुलनेच्या सलूनपेक्षा ८.८ टक्क्यांनी अधिक वाढले होते. फायदा खरा होता, पण माफक.

दुसरा प्रयोग लॉस एंजेलिसमध्ये झाला. ५२ सलून, ३१९ पुरुष. या वेळी सलूनमध्ये फार्मासिस्ट आला आणि त्याने औषध तिथेच सुरू केले. सहा महिन्यांत रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी २७ अंकांनी उतरला. तुलनेच्या गटात तो ९.३ अंकांनीच उतरला. १३०/८० च्या खाली आलेल्यांचे प्रमाण एकीकडे ६३.६ टक्के, दुसरीकडे ११.७ टक्के. हे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले आणि हृदयरोगाच्या क्षेत्रात खळबळ उडाली.

बार्बरवरचा विश्वास दोन्हीकडे होता. लॉस एंजेलिसमध्ये त्या विश्वासाला उपचाराची जोड मिळाली. असा प्रकल्प उभारू पाहणाऱ्याने हा फरक पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकणारे मराठी विद्यार्थी, तिथे काम करणारे डॉक्टर, फार्मासिस्ट, संख्याशास्त्रज्ञ यांना तो थेट उपयोगी पडेल.

सुरुवातीआधी: दरी कुठून आली ते समजून घ्या

अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. तो गोऱ्यांपेक्षा कमी वयात सुरू होतो आणि हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे हे सगळे त्यामागोमाग लवकर येते. याचे खापर जनुकांवर फोडणे सोपे आहे आणि दीर्घकाळ तेच झाले. पण वंश ही जैविक वर्गवारी नव्हे, सामाजिक वर्गवारी आहे. १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून कर्जासाठी धोकादायक ठरवल्या. घर नाही म्हणून पुढच्या पिढीला मालमत्ता नाही. वस्तीत गुंतवणूक नाही म्हणून धड किराणा दुकान नाही, चालायला जागा नाही, जवळ दवाखाना नाही. त्यात आरोग्य विम्याचा अभाव आणि रोजच्या भेदभावाचा ताण. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० मध्ये संरचनात्मक वंशवाद, म्हणजे कायदे आणि संस्थांतच मुरलेला भेदभाव, हे आरोग्यातल्या विषमतेचे मूळ कारण असल्याचे स्पष्ट शब्दांत मांडले.

तुमच्या प्रस्तावात 'या समाजात जागरूकता कमी आहे' असे वाक्य आले असेल तर ते खोडा. लॉस एंजेलिसच्या पुरुषांना आपले बीपी जास्त आहे हे कळले, तेवढ्याने ते फारसे उतरले नाही. औषध हाती आले तेव्हा उतरले.

पायरी १: प्रश्न ठरवण्याआधी ऐका

या पायरीवर घाई होते, कारण अनुदानाचा अर्ज भरायची तारीख जवळ आलेली असते. प्रश्न, पद्धत, अंदाजपत्रक सगळे विद्यापीठात ठरते आणि मग वस्तीतल्या एखाद्या चर्चच्या पाद्रीबुवांकडून पाठिंब्याचे पत्र आणले जाते. याला भागीदारी म्हणत नाहीत.

मिसिसिपीतल्या जॅक्सन हार्ट स्टडीकडे पाहा. हृदयविकाराची जोखीम कशी मोजायची हे जगाला ज्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने शिकवले, तो १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात सुरू झाला आणि त्यातले लोक जवळजवळ सगळे गोरे होते. कृष्णवर्णीयांच्या हृदयाचा इतक्या खोलात जाऊन अभ्यास करायला पुढे जॅक्सन उभे राहिले. २००० ते २००४ या काळात तीन परगण्यांतून ५,३०० हून अधिक कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांनी नाव नोंदवले. त्याआधी एक वेगळा अभ्यासच झाला: लोक का येतील, का येणार नाहीत, एकदा आलेले का टिकतील. लोकांशी बोलून, त्यांच्या बैठका घेऊन नावनोंदणीची पद्धत ठरली. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या जोडीला जॅक्सन स्टेट युनिव्हर्सिटी आणि टूगालू कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक शिक्षणसंस्था बरोबरीच्या भागीदार होत्या. तिथल्या विद्यार्थ्यांना संशोधनाचे शिक्षण देणे हा प्रकल्पाचाच भाग होता.

प्रत्यक्षात काय करायचे? वस्तीतल्या वीस-पंचवीस माणसांशी एकेकट्याने बोला. त्यात सलूनमालक, चर्चमधल्या ज्येष्ठ स्त्रिया, शाळेच्या बसचा चालक, औषध दुकानदार, नुकताच पक्षाघात झालेल्या माणसाची बायको असावी. तीन प्रश्न पुरतात. इथे लोक कशाने आजारी पडतात? आजारी पडल्यावर आधी कुणाला विचारतात? याआधी कुणी अभ्यास करायला आले होते का, आणि मग काय झाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निमूटपणे, मध्ये न बोलता ऐकून घ्या.

ते उत्तर अनेकदा टस्कीगीवर येते. अलाबामातल्या मेकन परगण्यात, टस्कीगी गावाच्या परिसरात, १९३२ पासून सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा 'अभ्यास' केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले नाही, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे खात्रीचे औषध ठरल्यावरही ते दिले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणेपर्यंत चाळीस वर्षे हे चालू होते. ती माणसे आजच्या लोकांचे आजोबा-पणजोबा होती. तेव्हा 'लोकांचा विज्ञानावर विश्वास नाही' असे लिहू नका. विज्ञानाने विश्वास गमावला, असे लिहा. या वाक्यरचनेवर पुढचे सगळे वागणे ठरते.

पायरी २: भागीदारी कागदावर आणा, पैशासकट

समाजाच्या सहभागाने होणाऱ्या संशोधनाची तत्त्वे बार्बरा इस्रायल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडली. डेट्रॉइटमधल्या प्रत्यक्ष कामातून ती घडली होती. सार असे: समाजाला एकक माना, त्याच्या बळावर उभे राहा, ज्ञान आणि कृती दोन्हींचा फायदा दोन्ही बाजूंना व्हावा, आणि प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष सांगण्यापर्यंत सगळ्यात समान वाटा असावा.

तत्त्वांना कुणाचाच विरोध नसतो. खरी परीक्षा अंदाजपत्रकात होते. म्हणून अर्ज जाण्याआधी एक सल्लागार मंडळ नेमा आणि त्याच्याशी लेखी करार करा. मंडळात दहा-बारा जण असावेत, निम्म्याहून अधिक वस्तीतले, आणि अध्यक्षही वस्तीतलाच. बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी आणि त्यांच्या जागेत घ्या. बैठकीचे मानधन द्या, मुले सांभाळण्याची आणि जेवणाची सोय करा. प्राध्यापकाला वेळेचे पैसे मिळतात, मग सलून दोन तास बंद ठेवून आलेल्या माणसाने फुकट का बसावे?

करारात पुढच्या गोष्टी नावानिशी लिहा:

- अनुदानातला किती हिस्सा वस्तीतल्या संस्थेला थेट मिळेल, आणि दर महिन्याला की काम झाल्यावर. लहान संस्थेला आधी खर्च करून नंतर भरपाई घेणे परवडत नाही.
- माहिती कुणाच्या ताब्यात राहील, आणि नवा प्रश्न घेऊन ती वापरायची तर कुणाची परवानगी लागेल.
- लेखात नाव कुणाचे येईल.
- निष्कर्ष प्रतिकूल आले तर ते आधी कुणाला आणि कसे सांगायचे.
- वाद झाला तर निवाडा कसा होईल.
- मंडळाला प्रकल्प थांबवता येईल का.

शेवटच्या मुद्द्यावर विद्यापीठाचे वकील कुरकुर करतील. तरी तो सोडू नका. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किंमत नसते.

पायरी ३: जागा लोकांनी निवडावी

लॉस एंजेलिसच्या प्रयोगात आलेले पुरुष सरासरी दर दोन आठवड्यांनी, दहा-दहा वर्षे एकाच बार्बरकडे येणारे होते. इतका सलग संबंध डॉक्टरशी फार थोड्यांचा असतो. शिवाय ही सलून कृष्णवर्णीयांच्याच मालकीची आहेत, आणि राजकारणापासून घरच्या भांडणापर्यंत सगळे तिथे मोकळेपणी बोलले जाते.

पण सलून हा मंत्र नव्हे. पुरुषांना ते चालले म्हणून बायकांनाही चालेल असे नाही. त्यांच्यासाठी ब्यूटी सलून किंवा चर्च योग्य ठरेल. मिनेसोटात मेयो क्लिनिकच्या डॉ. लाप्रिन्सेस ब्रूवर यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चबरोबर हृदयाच्या आरोग्याचे मोबाइल अॅप घडवले आणि १६ चर्चमध्ये त्याची चाचणी घेतली. अॅपची भाषा, चित्रे, त्यातले बायबलचे संदर्भ हे सगळे चर्चमधल्या लोकांच्या सल्ल्याने ठरले.

जागा निवडताना तीन गोष्टी तपासा. लोक तिथे वारंवार येतात का? मालकाची मनापासून इच्छा आहे का? आणि बीपी मोजताना, औषधांबद्दल बोलताना आडोसा मिळेल का? तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. सलूनच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक पडदा, इतके पुरते.

पायरी ४: तपासणीवर थांबू नका, उपचार तिथे न्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण प्रकल्प इथेच तरतात नाहीतर बुडतात. बीपी मोजण्याची शिबिरे भरवणे सोपे असते. फोटो छान येतात, आकडेही मोठे दिसतात. पण ज्याचा आकडा १६० निघाला त्याला चिठ्ठी देऊन घरी पाठवले, तर पुढच्या अडचणी त्याच्या गळ्यात पडतात: विमा आहे का, भेटीची वेळ कधीची मिळते, त्या दिवसाची मजुरी बुडते का, डॉक्टर नीट बोलेल का.

लॉस एंजेलिसमध्ये हे सगळे टप्पे गाळले गेले. फार्मासिस्ट उच्च रक्तदाबाच्या उपचारात खास प्रशिक्षित होते. प्रत्येक पुरुषाच्या डॉक्टरशी आधीच करार केला होता, त्यामुळे ठरलेल्या पद्धतीनुसार फार्मासिस्ट स्वतः औषध लिहू आणि बदलू शकत होते. अॅम्लोडिपिन आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या वर्गातले दीर्घकाळ टिकणारे एक औषध अशी सुरुवात, गरज पडली तर तिसरे इंडापामाइड. रक्तातले क्षार आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन सलूनमध्येच छोट्या यंत्रावर तपासले जाई. आणि प्रत्येक भेटीनंतर डॉक्टरला कळवले जाई.

हे वाचून मराठी वाचकाला गडचिरोली आठवेल. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बाईला नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि अँटिबायोटिकचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. आजार वेगळा, देश वेगळा, पण उपचाराचा अधिकार लोकांच्या दारापर्यंत नेला की काय होते हे दोन्हीकडे दिसले.

तुमच्या आराखड्यासाठी याचा अर्थ असा. तुमच्या राज्यात फार्मासिस्टला किंवा नर्सला कायद्याने काय करता येते ते पहिल्या महिन्यातच शोधा. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. औषधाचा पैसा कोण देणार ते ठरवा. ज्याला डॉक्टरच नाही त्याच्यासाठी एक डॉक्टर आधी बांधून घ्या. दुष्परिणामांची यादी आणि कृती लिहून ठेवा. उदाहरणार्थ, एसीई प्रतिबंधक या रक्तदाबाच्या औषधांनी ओठ-जीभ सुजण्याचा धोका कृष्णवर्णीय रुग्णांत जास्त आढळतो, म्हणून तो आधी सांगितलाच पाहिजे.

पायरी ५: तुलना कशी करायची

तुलनेचा गट हवाच. लॉस एंजेलिसमध्ये फार्मासिस्ट नसलेल्या गटातही रक्तदाब ९ अंकांनी उतरला होता. तिथले बार्बर आहार-व्यायामाचा आणि डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरत होते. शिवाय जास्त बीपी पाहून निवडलेल्या माणसांचा पुढचा आकडा एरवीही थोडा खाली येतोच. तुलनेचा गट नसता तर या उताराचे श्रेयही फार्मासिस्टच्या खात्यात जमा झाले असते.

एकाच खुर्चीवर एकाला औषध आणि शेजारच्याला पत्रक, असे करता येत नाही. म्हणून माणसांऐवजी सलूनच्या चिठ्ठ्या टाकतात. याची किंमत मोजावी लागते. एका सलूनमधली गिऱ्हाइके एकमेकांसारखी असतात, त्यामुळे माणसे जास्त लागतात. हिशेब साधा आहे: दर सलूनमधल्या माणसांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला साम्याच्या प्रमाणाने (एका सलूनमधली माणसे एकमेकांसारखी किती, हे ० ते १ मध्ये मोजलेले) गुणा, त्यात एक मिळवा. साम्य ०.०५ धरले आणि दर सलूनमध्ये २० जण घेतले, तर उत्तर १.९५ येते. म्हणजे एरवी ३०० पुरले असते तिथे ५८५ माणसे आणि ३० सलून लागतील. दर सलूनमध्ये ६ च जण घेतले, तर उत्तर १.२५, माणसे ३७५, पण सलून ६३. यातले काय परवडेल ते संख्याशास्त्रज्ञ आणि सलूनमालक यांना एका टेबलावर बसवून ठरवा.

'आमच्या सलूनला काहीच मिळणार नाही का?' हा प्रश्न मंडळात येणारच, आणि तो रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या सलूनना उपचार द्यायचे, फक्त टप्प्याटप्प्याने, आणि कुणाचा नंबर कधी हे चिठ्ठीने ठरवायचे.

पायरी ६: संमती आणि सुरक्षितता

संमतीपत्र मंडळातल्या सदस्यांकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे ते अडखळतात ते वाक्य बदला. आपल्याच बार्बरने विचारले म्हणून नाही म्हणायचा संकोच होऊ शकतो, तेव्हा संमती बार्बरने घेऊ नये, प्रशिक्षित कार्यकर्त्याने घ्यावी. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर काय करायचे याचा तक्ता भिंतीवर लावा. त्यासोबत छातीत दुखणे, धाप लागणे, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे किंवा नजर धूसर होणे यातले काहीही असेल तर लगेच ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

पायरी ७: मोजमाप नीट करा

हाताचा पट्टा लहान पडला की आकडा फुगतो. बाल्टिमोरमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ अंकांनी जास्त आला. एवढ्या चुकीने निरोगी माणूस रुग्ण ठरतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी सगळ्या मापांचे पट्टे ठेवा आणि दंडाचा घेर टेपने मोजा. पाच मिनिटे शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणे बंद. एका मिनिटाच्या अंतराने निदान दोनदा मोजा आणि वेगळ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय कुणाला प्रकल्पात घेऊ नका. शेवटचे मोजमाप करणाऱ्याला ते सलून कोणत्या गटातले आहे हे ठाऊक नसेल तर उत्तमच.

पायरी ८: माणसे टिकवा

लॉस एंजेलिसमध्ये सहा महिन्यांनंतर ९५ टक्के पुरुष टिकून होते. गळती इतकी कमी राहण्याचे श्रेय मी बार्बरना देतो. एखादा आला नाही तर त्याला फोन कोण करणार हे आधी ठरवा. विद्यापीठाच्या अनोळखी नंबरवरून आलेला फोन कुणी उचलत नाही.

दक्षिण आशियाई समाजात काम करायचे असेल तर

अमेरिकेतल्या आपल्या लोकांनाही हृदयविकाराची जोखीम मोठी आहे. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांनी दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदवला. 'मसाला' या अभ्यासात २०१० ते २०१३ दरम्यान सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो इथून ९०६ दक्षिण आशियाई आले; डॉ. अलका कनाया त्याच्या प्रमुख संशोधकांपैकी आहेत. तिथे पायरी ३ ची जागा मंदिर, गुरुद्वारा, मशीद किंवा महाराष्ट्र मंडळ असू शकते. पण महाराष्ट्र मंडळात येतात ते बहुतेक चांगल्या पगाराचे, विमा असलेले लोक. टॅक्सीचालक, गॅस स्टेशनवर काम करणारे, मुलांकडे राहायला आलेले विम्याविना असलेले आईवडील तिथे भेटत नाहीत. त्यांना शोधायला वेगळी वाट काढा. आणि कृष्णवर्णीयांसाठी घडवलेला कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नका. पायरी १ पुन्हा करा.

पायरी ९: निष्कर्ष आधी घरी, मग मासिकात

निष्कर्ष हाती आले की पहिली बैठक त्याच सलूनमध्ये किंवा चर्चमध्ये घ्या. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे लेखी द्या. जे जमले नाही तेही सांगा. न्यूयॉर्कमध्ये ३२ कृष्णवर्णीय चर्चमधल्या ३७३ जणांबरोबर झालेल्या प्रयोगात आहार-व्यायामाच्या वर्गांनी सहा महिन्यांत वरचा आकडा तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ६ अंकांनी जास्त उतरवला, पण नवव्या महिन्यात तो फरक ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. संशोधकांनी हे लपवले नाही, म्हणूनच पुढच्यांना कळले की वर्ग संपल्यावर काय द्यायचे याचा विचार लागतो.

अनुदान संपल्यावरची योजना पहिल्या वर्षीच लिहा. फार्मासिस्टचा पगार पुढे कोण देईल: विमा कंपनी, परगण्याचे आरोग्य खाते की एखादी औषध दुकानांची साखळी? लॉस एंजेलिसमध्ये फार्मासिस्टचा बराच वेळ एका सलूनमधून दुसऱ्यात गाडी चालवण्यात जाई, म्हणून नंतर नॅशव्हिलमध्ये व्हिडिओवरून भेटी घेऊन पाहिल्या गेल्या. ज्याच्याकडून पैसे अपेक्षित आहेत त्याचा माणूस सुरुवातीपासून सल्लागार मंडळाच्या बैठकीला बोलवा. शेवटचा हप्ता येण्याच्या निदान वर्षभर आधी प्रत्येक सलूनमालकाला विचारा की बीपीचे यंत्र आणि पट्टे तुमच्याकडेच ठेवायचे का, आणि तुमच्या गिऱ्हाइकांना औषधासाठी पुढे कुणाकडे पाठवायचे. प्रत्येक माणसाची फाइल, औषधांची यादी आणि नव्या डॉक्टरची ठरलेली तारीख त्याच्या हातात पडेपर्यंत प्रकल्प बंद करू नका.